क्लॅश रॉयलमध्ये पैसे घालण्याआधी इतरांची मतं कशी वाचायची

क्लॅश रॉयल हा मोबाइलवरचा कार्डांचा गेम; दोघं आपापली कार्डं टाकून एकमेकांचे टॉवर पाडतात. त्यातल्या आमच्या क्लॅनची, म्हणजे खेळाडूंच्या गटाची, मी को-लीडर आहे. नवीन पोरगं आलं की थोड्याच दिवसांत विचारतं, "ताई, पास घेऊ का?" (पास म्हणजे पैसे भरून मिळणारी सीझनभराची जादा बक्षिसं.) तोवर त्याने दोन्ही टोकांची मतं वाचलेली असतात: "सगळा पैशांचा खेळ आहे" आणि "एक रुपया न घालता वर गेलो." दोन्ही खरी असू शकतात. कोणी, कधी, कुठल्या लेव्हलवरून लिहिलंय ते कळलं तरच त्यांचा उपयोग.

आधी तारीख बघा. गेम 2016 मध्ये आला आणि पैशांचं गणित तेव्हापासून बरंच हललंय. पास रॉयल, म्हणजे हाच पास, 2019 चा. जून 2023 मध्ये कार्डांची लेव्हल 15 आणि इव्होल्यूशन (कार्डाचं आणखी ताकदवान रूप) एकाच वेळी आले. कार्डं मॅक्स करायला (सगळ्यात वरच्या लेव्हलला न्यायला) ज्यांनी वर्षं घातली होती ते भडकले, आणि माझ्या मते त्यांचा राग रास्त होता. 2025 मध्ये चेस्ट (बक्षिसांच्या पेट्या) उघडायला तासन्तास थांबणं बंद झालं, म्हणजे त्याबद्दलच्या जुन्या तक्रारी आज बाद. प्ले स्टोअरवर रिव्ह्यू नव्या-आधी असेच लावा.

मग लिहिणाऱ्याचं दुखणं नेमकं कुठे आहे ते शोधा. "हरतो म्हणून वाईट गेम" एवढंच असेल तर पुढे चला. "माझ्या फायरबॉलने समोरची मस्केटिअर मरतच नाही" असं कोणी लिहिलं तर थांबून वाचा. फायरबॉल म्हणजे आगीचा गोळा, मस्केटिअर म्हणजे बंदूकवाली; दोन्ही कार्डं चार-चार एलिक्सरची (एलिक्सर म्हणजे मॅचमध्ये कार्ड टाकायला खर्च होणारी शक्ती). सारख्या लेव्हलला वर्षानुवर्षं असं होत आलंय की फायरबॉल खाऊन मस्केटिअर अगदी थोडक्यात जगते. तोच फायरबॉल एका लेव्हलने वरचा असला की ती तिथेच संपते, आणि समोरच्याचे चार एलिक्सर पाण्यात. जगली तर टॉवरवर गोळ्या झाडत राहते. एका लेव्हलचा फरक असा अख्ख्या मॅचवर पडतो. पैसे घातले की लेव्हल लवकर वाढते, म्हणून पैसा दिसतो तो इथे.

तुमच्याही बाबतीत हेच होतंय का, ते तपासायला रुपयाही लागत नाही. क्लॅनमधल्या कोणाशी तरी तोच डेक (तुम्ही निवडलेली आठ कार्डं) घेऊन फ्रेंडली बॅटल खेळा. तिथे दोघांच्या कार्डांची लेव्हल सारखी केलेली असते. तिथेही सपाटून हरत असाल तर पास घेऊन काही होणार नाही; एलिक्सर मोजायला शिका, रिप्ले बघा. तिथे जिंकताय आणि ट्रॉफी रोडवरच (नेहमीच्या मॅच जिंकत वर चढायच्या वाटेवर) अडताय, तर मात्र लेव्हल कमी पडतेय.

तेव्हासुद्धा लगेच पैसे काढू नका. आठच कार्डं धरा आणि सगळं सोनं त्यांच्यावरच लावा. आमच्याकडची बहुतेक पोरं पंचवीस कार्डं अर्धवट वाढवून बसतात आणि मग ऑफर शोधतात. पास घ्यायचाच असेल तर सीझनच्या सुरुवातीला घ्या, म्हणजे बक्षिसं गोळा करायला पूर्ण वेळ मिळतो. हरल्याहरल्या समोर येणारी ऑफर त्या रात्री घेऊच नका, हे मी पोरांना अगदी कळकळीने सांगते.

फोन घरात सगळ्यांचा असेल तर गुगल प्लेच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा लागेल असं करून ठेवा. तरीही चुकून पैसे कापले गेले, तर 48 तासांच्या आत गुगल प्लेवरूनच रिफंड मागा. त्यानंतर गेम बनवणाऱ्यांशीच बोलावं लागतं.