टेबलावर विष बनवताय? या चुका टाळा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या, पात्र बनून खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत विषाचे नियम एका जागी नाहीत. थोडे साहित्याच्या यादीत, थोडे डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, पुस्तकात. त्यात २०१४ आणि २०२४ ची नियमांची पुस्तकं एकाच टेबलावर आली की भांडण ठरलेलंच. म्हणून कोणत्या सालचे नियम चालतील, हे पहिला फासा पडायच्या आधी बोलून घ्या.

सगळ्यात महागात पडते ती वेळेची चूक. साध्या विषाची एक बाटली १०० सोन्याच्या नाण्यांची. २०१४ च्या नियमांत विषाची पेटी आणि ती वापरण्याचं प्रावीण्य लागतं, कच्चा माल निम्म्या किमतीचा आणि काम रोज ५ नाण्यांचंच पुढे सरकतं. म्हणजे ५० नाणी आणि २० दिवस, सोयाबीन पेरल्यापासून पहिला डवरा फिरेपर्यंतचा काळ! २०२४ मध्ये रोज १० नाणी, म्हणून १० दिवस. "रात्रीच्या मुक्कामात दोन बाटल्या करतो" याला डीएमने एकदा मान हलवली की पुढच्या प्रत्येक मुक्कामात कारखाना सुरू होतो. घाई असेल तर पॉयझनर फीट, म्हणजे पात्राला घेता येणारं विषाचं खास कसब, घ्या. त्यात १ तास आणि ५० नाण्यांच्या मालात तुमच्या प्रोफिशिएन्सी बोनसइतके (पात्राच्या पातळीनुसार वाढणारा आकडा) डोस होतात.

दुसरा घोळ विष हत्याराला लावण्याचा. २०१४ मध्ये साधं विष लावायला पूर्ण अ‍ॅक्शन (त्या पाळीतली मुख्य कृती) जाते, २०२४ मध्ये तिच्या जोडीची छोटी बोनस अ‍ॅक्शन. एका बाटलीत एक हत्यार किंवा तीन बाण, आणि १ मिनिटात, म्हणजे १० फेऱ्यांत, ते वाळतं; २०२४ मध्ये त्याआधी जखम झाली तर तिथेच संपतं. सकाळी पात्याला फासून दुपारी लढायला गेलात तर बाटली वाया. पण डीएमच्या पुस्तकातली जखमेतून भिनणारी विषं वेगळी: ती वाळत नाहीत, जखम होईपर्यंत किंवा धुऊन जाईपर्यंत टिकतात, आणि एका जखमेत संपतात. हे दोन नियम एकमेकांत मिसळले की वाळतही नाही आणि संपतही नाही असं विष तयार होतं. बाटलीच्या नोंदीसमोर प्रकार लिहून ठेवा. काठीला किंवा गदेला लावून मात्र काहीच उपयोग नाही. हत्यार कापणारं किंवा टोचणारं हवं.

मेलेल्या वायव्हर्नपासून (विषारी नांगीचा, ड्रॅगनसारखा प्राणी) दहा बाटल्या भरणं ही खेळाडूंची आवडती चूक. नियम कडक आहे: प्राणी मेलेला किंवा कोणतीही कृती न करू शकणारा, १डी६ मिनिटं (सहा बाजूंच्या एका फाशावर पडतील तेवढी), इंटेलिजन्सवर नेचरची (बुद्धी आणि निसर्गज्ञानाची) डीसी २० तपासणी, म्हणजे फाशावर एकूण २० किंवा जास्त हवेत, आणि यश आलं तरी डोस एकच. १५ किंवा कमी आलं तर ते विष काढणाऱ्यालाच बाधतं. वायव्हर्नचं विष १२०० नाण्यांचं, सापाचं २००. दहा बाटल्यांची सूट दिली की पैशाचं गणित कोसळतं. मोठ्या प्राण्यातून जास्त द्यायचंच असेल तर प्रत्येक डोसला वेगळी तपासणी आणि वेगळी मिनिटं मागा.

श्वासातून जाणारं विष ५ फुटांच्या घनात पसरतं, आणि श्वास रोखून ते चुकवता येत नाही, कारण नाकाच्या आतल्या त्वचेतून आणि डोळ्यांतूनही ते भिनतं. तोंडाला दुपट्टा बांधून फवारणी केलेल्या माणसाला हे समजावावं लागत नाही. इथे एक कळकळीची विनंती. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. टेबलावर बसलेल्यांपैकी कुणाच्या घरात ती आठवण असू शकते. कहाणीतल्या विषाला वावरातल्या औषधाचं नाव देऊ नका, आणि विष प्यायल्याचे प्रसंग खेळात नकोत का, हे पहिल्या बैठकीआधी एकेकाला विचारा.

शेवटची चूक छोटी, पण संध्याकाळ खराब करते: सांगाडे आणि झोंबींवर विष चालतच नाही. स्मशानाची मोहीम ठरवली असेल तर डीएमने हे २० दिवस खर्च होण्याआधी सांगावं.