बेटाच्या कुठल्या बाजूचा समुद्र सुपीक? नकाशावर असं शोधा

भूगोलाच्या पुस्तकात सागरी प्रवाह म्हणजे तांबडे-निळे बाण. मुलं ते पाठ करतात, पण वाटेत बेट आडवं आलं की पाण्याचं काय होतं, हे बाणांतून कळत नाही. म्हणून मी वर्गाला थेट नासाच्या ‘वर्ल्डव्ह्यू’ या उपग्रह-नकाशांच्या संकेतस्थळावर नेते. फुकट आहे, खातंही उघडावं लागत नाही.

सुरुवात प्रशांत महासागरातल्या गॅलापागोस बेटांपासून करा. पश्चिमेकडची इसाबेला आणि फर्नांदिना ही बेटं पडद्यावर मोठी करून घ्या. ‘अ‍ॅड लेयर्स’मधून समुद्रपृष्ठाच्या तापमानाचा ‘एमयूआर’ थर निवडा. त्यात ढगांमुळे पडलेली भोकं भरून काढलेली असतात. तारीख सप्टेंबर 2021 मधली ठेवा. आता नजर इसाबेलाच्या पूर्वेकडून पश्चिमेकडे न्या. पश्चिम किनाऱ्याला लागून पाणी चटकन थंड झालेलं दिसेल.

इथे मी मुलांना थांबवते. व्यापारी वारे वरचं पाणी पश्चिमेकडे ढकलतात, मग हे थंड पाणी आलं कुठून? खालून! विषुववृत्तावर पृष्ठभागाखाली एक प्रवाह बरोबर उलटा, पूर्वेकडे वाहतो. सागरशास्त्रज्ञ टाउनसेंड क्रॉमवेल यांना तो 1952 मध्ये सापडला. बेटांच्या बुडालेल्या उतारावर तो आदळतो, अडतो आणि वर चढतो. सोबत नायट्रेट, फॉस्फेट ही पोषकद्रव्यं आणतो. त्या भागातल्या समुद्रात लोहाची चणचण असते. तीही बेटांच्या ज्वालामुखी खडकांमुळे थोडी भागते.

मग हरितद्रव्याचा (क्लोरोफिल) थर लावा. हरितद्रव्य जास्त तिथे वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, जास्त, आणि त्यावरच पुढे मासे जगतात. रिकामे डाग म्हणजे ढग. दोन-चार दिवस मागेपुढे जा. किनाऱ्याला खेटलेल्या ठिपक्यांवर मात्र विसंबू नका. उथळ पाण्यात तळाचा उजेड परत येतो आणि आकडा चुकतो. लक्षद्वीपच्या पांढऱ्या वाळूच्या लगूनमध्येही (प्रवाळकड्याच्या आतल्या उथळ पाण्यातही) हाच धोका.

खरी मजा तुलनेत आहे. ‘स्टार्ट कंपॅरिझन’ दाबून डिसेंबर 2015 आणि डिसेंबर 2021 शेजारी ठेवा. महिना एकच हवा, नाहीतर ऋतूचा फरक एल निनोच्या (काही वर्षांनी विषुववृत्ताजवळचा प्रशांत महासागर नेहमीपेक्षा तापतो, त्याच्या) खात्यावर जातो. 2015 च्या एल निनोत गरम पाण्याचा थर जाड झाला होता, त्यामुळे वर चढणारं पाणीही कोमट आणि निकस. गॅलापागोसचे पेंग्विन आणि न उडणारे पाणकावळे मुख्यतः याच पश्चिम किनाऱ्यांवर राहतात. 1982-83 च्या एल निनोत तिथले तीन चतुर्थांशांहून अधिक पेंग्विन गेले. हा आकडा सांगताना मला अजून गलबलून येतं.

हे जमलं की हवाई बघा. तिथे काम वाऱ्याचं: माउई आणि ‘मोठं बेट’ (हवाई बेट) यांच्यामधल्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून तो जोरात घुसतो आणि आडोशाच्या बाजूला घड्याळाच्या उलट फिरणारे भोवरे तयार होतात. भोवऱ्यात मधलं पाणी बाहेर सरकतं, खालचं वर येतं. मोठ्या बेटाच्या पश्चिमेला तापमानाच्या थरात असं थंड वर्तुळ शोधा. सापडलं की रोज एक दिवस पुढे सरकवत ते कुठे जातं, ते वहीत मांडा.