प्लाझमिड टिकलाय का, ते आधी बघा

नागपुरात मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी करणारी मुलं प्रोजेक्टबद्दल विचारायला येतात, तेव्हा जिवाणूची लस म्हटलं की बहुतेकांना फक्त बीसीजी आठवते, तीही दंडावरच्या व्रणामुळे. सुरुवात खुशाल तिथूनच करा. काल्मेट आणि गेरँ यांनी गाईच्या क्षयाचा जिवाणू पित्त घातलेल्या बटाट्यावर 13 वर्षांत 230 वेळा वाढवला. 1921 मध्ये तो पहिल्यांदा माणसाला दिला. तीच बीसीजी. त्याच्यातून नेमकं काय गेल्याने तो दुबळा झाला, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. आता आपण जनुक निवडून काढतो.

1981 मध्ये होइसेथ आणि स्टॉकर यांनी साल्मोनेला या टायफॉइडच्या कुळातल्या जिवाणूतलं एआरओ-ए हे जनुक बंद पाडलं. ते नसलं की जिवाणूला पॅराअमिनोबेन्झॉइक आम्लासारखे पदार्थ स्वतः बनवता येत नाहीत आणि आपल्या शरीरातही ते त्याला पुरेसे मिळत नाहीत. तो आतड्यातून आत शिरतो, थोडे दिवस तग धरतो आणि उपासमारीने थांबतो. तेवढ्या दिवसांत शरीर त्याला नीट ओळखून घेतं. मग त्याच्याच हातून दुसऱ्या रोगाचा एखादा प्रथिनतुकडा बनवून घेतला, तर शरीर तोही ओळखेल, अशी ही कल्पना. लस तोंडावाटे देता येते, सुई लागत नाही. मला ही कल्पना पहिल्यांदा कळली त्या रात्री झोप लागली नव्हती.

आता माझी चूक सांगते. नवीन मुलं हमखास तीच करतात.

मी पीएचडीला होते. मे महिना, बाहेर पारा 45 च्या आसपास. माझ्या साल्मोनेलात अँटिजेनचं, म्हणजे त्या परक्या प्रथिनतुकड्याचं, जनुक प्लाझमिडवर होतं; प्लाझमिड म्हणजे गुणसूत्राबाहेरचं डीएनएचं छोटं कडं. त्याच कड्यावर खूण म्हणून अँपिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देण्याचं जनुक. प्रथिन बनतंय का हे बघायच्या जेलवर पट्टा छान दिसला, ब्लॉटनेही तेच सांगितलं. मी खूश. उंदरांना डोस दिले आणि तीन आठवड्यांनी रक्त तपासलं, तर साल्मोनेलाविरुद्ध भरपूर प्रतिपिंडं, माझ्या अँटिजेनविरुद्ध जवळपास काहीच नाही. दोन महिने मी एलायझाला, म्हणजे प्रतिपिंडं मोजायच्या चाचणीलाच, दोष देत बसले.

शेवटी माझ्या गाइड मॅडम म्हणाल्या, "अगं, उंदराच्या प्लीहेतून काढलेल्या कॉलनी टोचून बघितल्यास का?" नव्हत्या बघितल्या. ऑटोक्लेव्ह केलेल्या दातकोरण्या घेऊन बसले. एकेक कॉलनी उचलायची, आधी साध्या प्लेटवर टेकवायची, मग अँपिसिलिनच्या प्लेटवर, चौकटीत आकडे घालून. अशा शंभर. दुसऱ्या दिवशी साध्या प्लेटवर शंभर ठिपके आणि अँपिसिलिनवर अकरा. बाकीच्यांनी प्लाझमिडचं ओझं कधीच टाकून दिलं होतं.

आणि ते साहजिकच आहे. परकं प्रथिन बनवण्यात जिवाणूची ताकद जाते. प्लाझमिड टाकलेला भाऊ भरभर वाढतो. उंदराच्या पोटात अँपिसिलिन नसतंच. फ्लास्कमध्येही भरवसा नाही, कारण प्लाझमिडवाले जिवाणू जे विकर बाहेर सोडतात तेच औषध मोडून टाकतं आणि बिनप्लाझमिडवाल्यांनाही मोकळं रान मिळतं.

यावरचा उपाय मला फार आवडतो. जिवाणूच्या गुणसूत्रातून एएसडी हे जनुक काढायचं आणि प्लाझमिडवर ठेवायचं. त्याशिवाय डायअमिनोपिमेलिक आम्ल, म्हणजे डीएपी, बनत नाही, आणि डीएपीशिवाय पेशीभित्तिका उभी राहत नाही. ते प्राण्यांच्या ऊतींत नसतं. प्लाझमिड टाकला की जिवाणू फुटतो. प्रतिजैविकाची खूण ठेवायचीही गरज उरत नाही. कर्टिस यांच्या गटाने 1988 मध्ये ही पद्धत मांडली. मी ती वापरली आणि पुन्हा शंभर कॉलनी टोचल्या. डीएपी असलेल्या प्लेटवर आणि नसलेल्याही, शंभरच्या शंभर.

परवानग्यांचं मात्र पहिल्याच महिन्यात हाती घ्या. जैवसुरक्षा समिती वेगळी, प्राणी-नीतिमत्ता समिती वेगळी. जनुक क्लोन होईपर्यंत थांबलात तर पुढचं सगळं रखडतं. नेट आणि गेटच्या अभ्यासात जिवाणूंचा चयापचय वरवर करू नका, या विषयात सगळी मेख तिथेच आहे. टायफॉइडची तोंडावाटे द्यायची टीवाय 21 ए ही लससुद्धा गॅलॅक्टोज पचवण्याच्या बिघाडावर आधारलेली आहे.

आणि नागपुरात आहात तर एक गोष्ट कराच. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात कुणी ओळखीचं असेल, तर त्यांच्याकरवी ब्रुसेला या गुरांत गर्भपात घडवणाऱ्या जिवाणूविरुद्धचं लसीकरण बघायला एखाद्या गावात जा. एस 19 ही जिवंत, दुर्बल केलेली लस 4 ते 8 महिन्यांच्या कालवडींनाच देतात. गाभण गाईला दिली तर गर्भपात होऊ शकतो, आणि टोचणाऱ्याच्या हातात सुई घुसली तर त्यालाही आजार होऊ शकतो. म्हणून डॉक्टर हातमोजे आणि चष्मा घालूनच कालवडीजवळ जातात.