रोजची ॲस्पिरिन: या चुका टाळा

गोळी ७५ किंवा १०० मिलिग्रॅमची, दिसायला डाळीच्या दाण्याएवढी. म्हणूनच की काय, लोक ती व्हिटॅमिनसारखी मनाने सुरू करतात आणि कंटाळा आला की मनानेच सोडतात. हे दोन्ही प्रकार पाहून आता वैताग आला आहे.

ओळखीच्यांना अटॅक आला म्हणून आपणही सुरू करणं

हार्ट अटॅक येऊन गेलेला, स्टेंट बसवलेला, बायपास झालेली, गुठळी अडकून पक्षाघात झालेला, अशा माणसांना ही गोळी खरंच उपयोगाची. धडधाकट माणसाचा हिशोब वेगळा. २०१८ मध्ये ॲस्प्री चाचणीचे निष्कर्ष आले. १९,००० हून जास्त निरोगी ज्येष्ठ, बहुतेक सत्तरी ओलांडलेले. निम्म्यांना रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन, बाकीच्यांना औषध नसलेली गोळी. हृदयविकारात म्हणण्यासारखी घट झाली नाही, गंभीर रक्तस्राव मात्र वाढले. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलानेही २०२२ मध्ये साठीनंतर केवळ खबरदारी म्हणून ती नव्याने सुरू करू नये, असं सांगितलं. हे वाचून चालू असलेली गोळी उद्यापासून बंद करू नका. ती पुढची चूक.

दाढ काढायची म्हणून गोळी बंद करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. साधारण असं घडतं: अँजिओप्लास्टी होऊन तीन महिने झालेत, दाढ ठणकते आहे. कुणीतरी सांगतं, ‘रक्त थांबणार नाही हं.’ गृहस्थ ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल (गुठळी रोखणारी दुसरी गोळी) दोन्ही आठवडाभर बंद ठेवतात. दाढ झकास निघते. मग एके पहाटे छातीत कळ येते, आणि तपासणीत नव्या स्टेंटमध्ये गुठळी सापडते.

ॲस्पिरिन प्लेटलेटमधलं, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशींमधलं, एक एन्झाइम कायमचं निकामी करते. प्लेटलेटला केंद्रक नसल्यामुळे ते एन्झाइम तिला पुन्हा बनवता येत नाही. पण रोज सुमारे १० टक्के प्लेटलेट नव्या येतात. चार-पाच दिवस गोळी चुकली की गुठळी करण्याइतक्या ताज्या प्लेटलेट रक्तात असतात, आणि स्टेंटच्या धातूवर अजून अस्तर पुरतं चढलेलं नसतं. उलट दाढेच्या जागेचं रक्त गॉझ घट्ट दाबून धरला, गरज पडली तर टाका घातला, की बहुधा थांबतं.

दातांच्या डॉक्टरांची वेळ घेतानाच स्टेंटची तारीख आणि गोळ्यांची नावं सांगा. गोळ्यांबद्दल काय करायचं ते दातांच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांनी आपसात बोलून ठरवावं. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी गोळी थांबवायचीच असेल, तर कधी बंद आणि कधी पुन्हा सुरू, या दोन्ही तारखा कागदावर लिहून घ्या. दुसरी तारीख हमखास विसरली जाते.

गुडघ्यासाठी आयबुप्रोफेन, हृदयासाठी ॲस्पिरिन, एकाच घोटात

दोन्ही औषधं त्याच एन्झाइमवर बसतात. आयबुप्रोफेन आधी बसलं की ते काही तास जागा अडवून ठेवतं. ॲस्पिरिन रक्तात जेमतेम १५-२० मिनिटांत निम्मी होते. जागा मोकळी होईपर्यंत ती संपलेली असते. म्हणजे गोळी पोटात गेली आणि वायाही गेली.

साधी, आवरण नसलेली ॲस्पिरिन असेल तर ती आधी घ्या आणि आयबुप्रोफेन किमान अर्ध्या तासाने. आयबुप्रोफेन आधी घेतलं असेल तर मध्ये आठ तास जाऊ द्या. आवरणाची गोळी हळू विरघळते, तिथे या वेळांवर भिस्त ठेवू नका. माझं मत विचाराल तर ही घड्याळाची कसरत करूच नये. अधूनमधून दुखलं तर आधी पॅरासिटामॉल. रोजच वेदनाशामक लागत असेल तर डॉक्टरांशी बोला.

आवरण आहे, मग पोटाला धोका नाही?

आवरणामुळे जळजळ कमी वाटू शकते, रक्तस्रावाचा धोका तेवढाच. ॲस्पिरिन रक्तातून फिरून जठराच्या अस्तराचं संरक्षण कमी करते, मग ती विरघळो कुठेही. पूर्वी अल्सर झालेला असेल, वय जास्त असेल किंवा स्टेरॉइड चालू असतील, तर सोबत पँटोप्राझोलसारखी ॲसिड कमी करणारी गोळी हवी का ते विचारा.

रोजची आवरणाची गोळी तोडू-चावू नये. हार्ट अटॅकची शंका असेल तेव्हा मात्र आधी ॲम्ब्युलन्स बोलवा, आणि ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर फोनवर सांगतील तशी ॲस्पिरिन चावून खा, साधारण ३०० मिलिग्रॅम. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं अशी पक्षाघाताची लक्षणं असतील तर अजिबात देऊ नका. मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कळत नाही.

उरलेल्या चुका

कालची राहिली म्हणून आज दोन घेऊ नका.

सर्दी-डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही ॲस्पिरिन असते, घटक वाचा.

डबी उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर गोळ्या ओल लागून बिघडल्या आहेत, टाकून द्या. बाथरूममधलं कपाट औषधांसाठी नाही.

घरातल्या मुलाला ताप आला म्हणून यातली गोळी देऊ नका. मेंदूला सूज आणि यकृताला इजा करणारा रे सिंड्रोम हा आजार जिवावर बेततो.

शौचाला डांबरासारखं काळं, चिकट, घाण वासाचं झालं तर तसंच हॉस्पिटल गाठा. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो, पण तो निवाडा घरी बसून करू नका. सोबत चक्कर येत असेल तर स्वतः गाडी चालवत जाऊ नका, आणि गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या.