तीन शाखांमध्ये विखुरलेलं काम आणि सायटेशनचे आकडे: नव्या संशोधकांसाठी

पीएच.डी. मी गणितातल्या आलेख सिद्धांतात, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या जाळ्यांच्या अभ्यासात, केली. पोस्टडॉकला साथरोगांच्या प्रसाराची गणिती प्रारूपं करणाऱ्या गटात गेले आणि तिथून हळूहळू संगणकशास्त्राकडे सरकले. साहजिकच माझ्या नावावरचे पेपर तीन वेगळ्या शाखांत विखुरले आहेत. निवड समिती असो, अनुदानाचा अर्ज असो की बढतीचा फॉर्म, प्रश्न ठरलेला असे: एकूण सायटेशन किती, म्हणजे इतरांच्या पेपरांत तुमच्या कामाचा संदर्भ किती वेळा आला, आणि एच-इंडेक्स किती? पुढे मी स्वतः अशा समित्यांवर काम केलं आणि हे आकडे घाईघाईने वाचले तर किती अन्याय होऊ शकतो हे जवळून बघितलं. या आकड्यांच्या धास्तीने हुशार विद्यार्थी दोन शाखांच्या सीमेवरचा आवडता विषय सोडून देतात. तसं होऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

एच-इंडेक्स 20 असणं म्हणजे तुमच्या किमान 20 पेपरांना प्रत्येकी किमान 20 सायटेशन मिळालेली असणं. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी 2005 साली ही कल्पना मांडली. आज हा आकडा सगळीकडे वापरला जातो, पण त्याच पेपरमध्ये हिर्श यांनी जे दाखवलं होतं त्याकडे सोयीस्कर दुर्लक्ष होतं. त्यांनी दिलेल्या उदाहरणांत भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड विटेन यांचा एच-इंडेक्स 110 होता आणि मेंदूविज्ञानातले सॉलोमन स्नायडर यांचा 191. दोघंही आपापल्या क्षेत्रातली अव्वल नावं. म्हणजे या फरकावरून कोण मोठा हे ठरत नाही, तो दोन शाखांच्या लिहिण्याच्या आणि संदर्भ देण्याच्या रीतींमधला फरक आहे.

ही रीत मला शाखा बदलल्यावर नीट कळली. शुद्ध गणितातला पेपर एक-दोन जणांचा असतो, संदर्भसूची आटोपशीर असते आणि प्रसिद्ध व्हायला कधी दोन-तीन वर्षंही लागतात. त्याचा उपयोग करणारा पुढचा पेपर येईपर्यंत आणखी काही वर्षं जातात. वैद्यकशास्त्रात पेपरवर डझनभर नावं सहज असतात, संदर्भसूची लांबलचक असते आणि काम करणारी माणसंही कितीतरी जास्त. प्रत्येक पेपर जितके जास्त संदर्भ देणार, तितकी सायटेशन त्या शाखेत वाटली जाणार. साधा हिशेब आहे. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे त्यातल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळतात त्याचा आकडा. त्यात तर मागच्या दोनच वर्षांतले पेपर धरतात, त्यामुळे सावकाश चालणारी शाखा तिथे आपोआप मागे पडते. संशोधनाचं मूल्यमापन करताना आकडे कसे वापरावेत हे सांगणाऱ्या, 2015 साली प्रसिद्ध झालेल्या लायडेन जाहीरनाम्यात याचं नेमकं उदाहरण आहे: गणितातल्या अव्वल जर्नलांचा इम्पॅक्ट फॅक्टर 3 च्या आसपास, तर पेशीजीवशास्त्रातल्या अव्वल जर्नलांचा 30 च्या आसपास. हा जाहीरनामा छोटा आहे, दहा तत्त्वांचा. पीएच.डी.च्या पहिल्याच वर्षी वाचून टाका.

लेखकांच्या क्रमाचीही तीच गत. गणितात नावं बहुधा वर्णानुक्रमे येतात. जीवशास्त्रात पहिलं नाव प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं आणि शेवटचं प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं. कणभौतिकीत तर प्रकरण वेगळ्याच थराला जातं: हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानाबद्दलच्या 2015 च्या संयुक्त पेपरवर 5,154 लेखक आहेत आणि 33 पानांपैकी 24 पानं लेखकांच्या आणि त्यांच्या संस्थांच्या यादीनेच भरली आहेत. वेगळ्या शाखेत पहिला पेपर लिहिताना नावांच्या क्रमाचं बोलणं सुरुवातीलाच करून घ्या, आणि आपल्या बायोडेटात प्रत्येक पेपरखाली 'नावं वर्णानुक्रमे' किंवा 'विश्लेषण आणि लेखन माझं' अशी एक ओळ टाका. ती ओळ समितीतला परक्या शाखेचा माणूस आवर्जून वाचतो.

आता आकडा कुठून घेतला याबद्दल. वेब ऑफ सायन्स, स्कोपस आणि गुगल स्कॉलर या सायटेशन मोजणाऱ्या तिन्ही सूचींत एकाच माणसाचे तीन वेगळे आकडे दिसतात. गुगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (जर्नलच्या तपासणीआधीच सर्वांसाठी खुले ठेवलेले पेपर), पुस्तकं असं बरंच काही धरतं, म्हणून तिथला आकडा बहुतेक वेळा सर्वांत मोठा असतो. संगणकशास्त्रात महत्त्वाचं काम परिषदांमध्ये प्रसिद्ध होतं आणि मानव्यविद्यांमध्ये पुस्तकांतून, त्यामुळे जर्नलांवर भर देणाऱ्या सूचीत या शाखांची माणसं खुजी दिसतात. गणितज्ञ ग्रिगोरी पेरेलमान यांनी प्वांकारे अनुमान या गणितातल्या जुन्या प्रश्नाची सिद्धता 2002-03 मध्ये आर्काइव्ह (arXiv) या प्रीप्रिंटच्या संकेतस्थळावर तीन प्रीप्रिंटच्या रूपात ठेवली आणि कुठल्याही जर्नलकडे पाठवली नाही. फक्त जर्नल मोजणाऱ्याला शतकभर अडलेल्या प्रश्नाचं उत्तर दिसलंच नसतं. तेव्हा आकडा लिहाल तिथे कोणत्या सूचीतला आणि कोणत्या तारखेचा हे लिहायचंच. ऑर्किडचा (ORCID, संशोधकाची कायमची ऑनलाइन ओळख) सोळा अंकी क्रमांकही पहिल्या पेपरच्या आधी काढून ठेवा. नावाचं स्पेलिंग दोन प्रकारे छापलं गेलं की प्रोफाइल दुभंगतं, आणि शाखा बदललेल्या माणसाच्या बाबतीत हे दोन वेगळे संशोधक आहेत असं संगणकाला अगदी सहज वाटतं.

शाखांमधला फरक भरून काढण्यासाठी आकडे समतोल करण्याच्या पद्धती आहेत. स्कोपसमध्ये क्षेत्रभारित सायटेशन प्रभाव नावाचं माप मिळतं. त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या, त्याच प्रकारच्या पेपरांना सरासरी जितकी सायटेशन मिळाली, त्याच्या किती पट तुमच्या पेपरला मिळाली, एवढंच ते सांगतं. 1 म्हणजे जागतिक सरासरीइतकं. समजा तुमच्या गणितातल्या पेपरला 12 सायटेशन आहेत आणि त्या गटाची सरासरी 4 आहे, तर माप 3 येईल. वैद्यकातल्या पेपरला 30 असतील आणि तिथली सरासरी 40 असेल, तर माप 0.75. एकूण बेरजेत दुसरा पेपर मोठा दिसत होता, इथे चित्र उलटतं. माझ्या स्वतःच्या प्रोफाइलमध्येही सर्वांत कमी सायटेशन असलेल्या गटातले पेपर असेच वर आले.

या मापावरही डोळे झाकून विसंबू नका. सायटेशनचं वाटप फार विषम असतं, मोजक्या पेपरांना प्रचंड आणि बाकीच्यांना थोडी. त्यामुळे पेपर कमी असतील तर एखाद्याच पेपरने सरासरी फुगते. नवख्या संशोधकाच्या बाबतीत मला टक्केवारीतलं स्थान जास्त भरवशाचं वाटतं, म्हणजे 'हा पेपर आपल्या विषयात आणि वर्षात वरच्या 10 टक्क्यांत आहे' असं विधान. दुसरी अडचण खास आपल्यासारख्यांची. विषय बहुधा जर्नलवरून ठरवला जातो. साथरोगावरचा गणिती पेपर वैद्यकाच्या जर्नलमध्ये छापला तर त्याची तुलना वैद्यकाशी होते, गणिताच्या जर्नलमध्ये छापला तर गणिताशी. काम तेच, फूटपट्टी वेगळी.

हीच अडचण 'जगातील अव्वल 2 टक्के शास्त्रज्ञ' या गाजलेल्या यादीतही आहे. जॉन आयोनिडिस आणि सहकाऱ्यांची ही यादी स्कोपसच्या माहितीवर आधारलेली आहे. सहा मापांचा एकत्रित गुणांक काढला जातो आणि स्वतःच्या पेपरांचे संदर्भ वगळूनही आकडे दिले जातात, ही तिची जमेची बाजू. पण क्रम लावताना प्रत्येकाला 174 उपशाखांपैकी एका मुख्य उपशाखेत बसवलं जातं. तीन ठिकाणी काम करणाऱ्याची ओळख मग एकाच ठिकाणची राहते. यादीत नाव आलं तर आनंद जरूर माना, पण आलं नाही म्हणून विषय बदलायचा विचार करू नका.

सर्वांत जास्त वेळ द्यायचा तो मात्र सायटेशन कोणी केलं आणि कशासाठी केलं हे वाचण्यात. आतापर्यंतच्या सर्वाधिक सायटेशन मिळालेल्या पेपरांत कोण आहे ते बघा. ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा 1951 चा, द्रावणातलं प्रथिनाचं प्रमाण मोजण्याच्या पद्धतीचा पेपर तीन लाखांच्या वर गेला आहे. डीएनएची दुहेरी सर्पिल रचना मांडणारा 1953 चा पेपर 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाने 2014 साली काढलेल्या सर्वाधिक सायटेशनच्या पहिल्या शंभरांत नव्हता. रोज वापरायची पद्धत दिली की लोक संदर्भ देत राहतात. मोठा शोध मात्र काही काळाने पाठ्यपुस्तकात जातो आणि मूळ पेपरचा संदर्भ देणं थांबतं.

एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर यांचा 1958 चा पेपर मला यातला सर्वांत बोलका वाटतो. तो छापला गेला संख्याशास्त्राच्या जर्नलमध्ये. कोणत्या रुग्णाचं पुढे काय झालं हे अर्धवट माहीत असताना जगण्याची शक्यता कशी काढायची, हा त्याचा विषय. सुरुवातीला त्याला फारशी सायटेशन नव्हती. 1970 च्या दशकात संगणकाची ताकद वाढली, वैद्यकातल्या संशोधकांना ही पद्धत सहज वापरता येऊ लागली, आणि पुढे तो 'नेचर'च्या त्या यादीत अकराव्या क्रमांकावर पोहोचला. पहिल्या पाच वर्षांचे आकडे बघून कुणी निकाल दिला असता तर? आणि फक्त संख्याशास्त्रातली सायटेशन मोजली असती तर?

म्हणून विद्यार्थ्यांकडून मी हे करून घेते. आपल्या प्रत्येक पेपरची सायटेशन यादी उघडायची आणि संदर्भ देणारा प्रत्येक पेपर कोणत्या शाखेतला आहे हे शेजारी लिहायचं. मग त्या पेपरमधलं ते वाक्य शोधायचं. काही ठिकाणी तुमचं नाव प्रस्तावनेत इतर पाच-सहा नावांच्या ओळीत येऊन गेलेलं असेल. काही ठिकाणी तुमची पद्धत घेऊन कुणीतरी सगळं विश्लेषण उभं केलेलं असेल. क्वचित कुणी तुमचा निष्कर्ष चुकीचा ठरवलेला असेल, आणि तेही सायटेशन म्हणूनच मोजलं जातं. माझ्या आलेखांवरच्या एका जुन्या प्रमेयाचा वापर रुग्णालयातल्या संसर्गाचा माग काढणाऱ्या गटाने केला, हे मला अशाच वाचनातून कळलं. त्या पेपरची एकूण सायटेशन आजही थोडीच आहेत, पण अर्जात मी तोच पहिला मांडते.

अर्ज लिहिताना एकूण बेरीज एका ओळीत संपवा. मग चार-पाच पेपर निवडा आणि प्रत्येकाखाली तीन वाक्यं लिहा: काम काय, त्यात तुमचा वाटा किती, आणि कोणत्या शाखेतल्या लोकांनी ते कशासाठी वापरलं. जिथे आकडा द्याल तिथे त्या शाखेतलं त्याचं टक्केवारीतलं स्थान द्या. रिव्ह्यू पेपर (आधीच्या संशोधनाचा आढावा घेणारे) वेगळे दाखवा, त्यांना मूळ संशोधनापेक्षा सहसा जास्त सायटेशन मिळतात हे समितीला माहीत असतं. स्वतःचे संदर्भ वगळूनचा आकडा आपणहून द्या. आणि मुलाखतीआधी समितीतल्या बाहेरच्या शाखेच्या माणसाला कळेल अशा शब्दांत त्या प्रत्येक पेपरबद्दल मोठ्याने बोलून बघा, शक्यतो त्याच शाखेतल्या एखाद्या मित्रासमोर.