कोकणच्या पाण्यात पिक्टस कॅटफिश पाळताना

दुकानात ‘शार्क’ म्हणून मिळणारी बोटभर पिल्लं बहुतेकदा पंगॅसियसची असतात. तो मासा मीटरभर होतो, रेडटेल कॅटफिशही तसाच. घरातल्या टाकीत दोघांनाही जागा नाही, आणि वाढले म्हणून विहिरीत किंवा वहाळात सोडणं तर मुळीच नको. थाई मागुर या कॅटफिशवर तर बंदीच आहे. सतत पोहणारा, खरा शिकारी आणि तरी घरात मावणारा हवा तर पिक्टस घ्या. ॲमेझॉन-ओरिनोको खोऱ्यांतला हा मासा चंदेरी, काळ्या ठिपक्यांचा, लांबलचक मिश्यांचा. पूर्ण वाढ ११-१२ सेंटीमीटर.

लहान असला तरी त्याला टाकी चार फुटांचीच हवी: १२० × ४५ × ४५ सेंटीमीटर, सुमारे २४० लिटर. त्यात चार-पाच ठेवा. एकटा पिक्टस लपून बसतो. भरलेली टाकी ३०० किलोच्या आसपास जाते, तेव्हा माडीच्या लाकडी तक्तपोशीवर ठेवू नका. फिल्टर ताशी २,००० लिटरचा. तळाला धुतलेली बारीक नदीची वाळू, दोन-तीन सेंटीमीटर. पुळणीवरची वाळू नको; तिच्यात मीठ असतं, शिवाय शिंपल्यांच्या धारेने मिश्या कापल्या जातात. मासे आणण्याआधी चार ते सहा आठवडे रोज चिमूटभर खाद्य टाकून फिल्टर चालवा. एवढ्यात ही घाण पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढतात. तपासणीत अमोनिया आणि नायट्राइट ही दोन्ही विषं शून्य आली की मगच मासे.

खरी काळजी पाण्याची. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ असतं, त्यात कार्बोनेट फार कमी. फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना आम्ल तयार होतं आणि ते कार्बोनेट खर्च होत जातं. संपलं की पीएच एकदम घसरतो; ६ च्या खाली जिवाणू मंदावतात आणि अमोनिया साचू लागतो. पाणी मात्र दिसायला नितळच! म्हणून केएच, म्हणजे पाण्यातलं कार्बोनेट, मोजायचं किट घ्याच, आणि केएच ३-४ अंशांवर ठेवा. तिसऱ्यांचे शिंपले उकळून, जाडसर कुटून, मूठभर जाळीच्या पिशवीत बांधून फिल्टरमध्ये ठेवा. पाणी आम्ल होऊ लागलं की ते विरघळतात. शिंपल्यांचा परिणाम हळू होतो. लवकर हवा असेल तर खाण्याचा सोडा: १०० लिटरला ३ ग्रॅम घातला की केएच एक अंश वाढतो. दिवसाला त्याहून जास्त नको. अमोनिया साचलेला असताना तर सोडा घालूच नका, कारण पीएच चढला की तोच अमोनिया विषारी रूप घेतो. आधी थोडं थोडं पाणी बदलून तो उतरवा. एरवी आठवड्याला ३० टक्के पाणी बदला. खाडीलगतच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, तेव्हा पाणी ओतण्याआधी त्यात विरघळलेले क्षार टीडीएस मीटरने बघा.

पाण्याचं तापमान २४ ते २७ अंश उत्तम. मेमध्ये ते ३० च्या वर गेलं की ऑक्सिजन घटतो. किनाऱ्याच्या दमट हवेत नुसत्या पंख्याने फारसं उतरत नाही, एअर पंप वाढवावा लागतो. पावसाळ्यात लाइट जाते, म्हणून बॅटरीवरचा पंप हाताशी हवाच. कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर, काही तास बंद राहिला तर आतलं पाणी नासतं. ते ओतून, स्पंज टाकीच्याच पाण्यात खळबळून मग सुरू करा.

तोंडात मावेल तो मासा पिक्टस रात्रीत गिळतो. निऑन टेट्रा, गप्पी विसरा. मलबार डॅनिओसारखे चपळ, मोठे सोबती चालतात. खाद्य दिवे मालवल्यावर द्या: बुडणारे पेलेट, गांडुळाचे तुकडे, सोललेली कोळंबी. रोज कच्ची कोळंबी मात्र नको, तिच्यात ब१ जीवनसत्त्व मोडणारं थायामिनेज असू शकतं. सुका जवळा खारवलेला नसेल तरच.

पहिल्या पावसात तापमान उतरलं की अंगावर पांढरे ठिपके येण्याचा धोका वाढतो. या माशाला खवले नाहीत, त्यामुळे मॅलकाइट ग्रीन किंवा तांब्याचं औषध अर्ध्याच मात्रेत द्या. हीटरने पाणी दिवसाला एक-दोन अंश वाढवत ३० वर न्या, हवा जोरात ठेवा.

पिक्टस पकडायला जाळी वापरू नका. कल्ल्यामागचे करवती काटे जाळीत अडकतात. अडकलेच तर जाळी कापा, मासा ओढू नका. प्लास्टिकचा डबा बरा. काटा टोचला तर, शिंगाळ्याच्या काट्यावर करतात तसंच, हात सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा. सूज चढत गेली तर डॉक्टरांकडे जा.