लाटेचे छायाचित्र घेताना सूर्य समोर असू द्या
पुण्याहून ताम्हिणी घाटमार्गे दिवेआगर किंवा हरिहरेश्वरला कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांनी लाटांसाठी दिवस मावळण्यापूर्वीचे दोन तास राखून ठेवावेत. आपला किनारा पश्चिमाभिमुख असल्यामुळे त्या वेळी सूर्य लाटेच्या मागे उतरतो आणि फुटण्याआधी लाटेचा माथा जिथे पातळ होतो, तिथून प्रकाश आरपार येऊन पाणी काचेसारखे हिरवे उजळते. लाटेचे खरे देखणेपण मला याच क्षणात दिसते. थेंब न् थेंब स्पष्ट हवा असेल तर शटरचा वेग १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवावा. पाण्याची ओढ दाखवायची असेल तर ट्रायपॉड लावून १/४ सेकंदापर्यंत यावे.

लाटेची उंची कळण्यासाठी चौकटीत माणूस किंवा होडी हवीच. पोर्तुगालमधील नाझारेच्या महाकाय लाटा छायाचित्रांत इतक्या भव्य वाटतात, त्याचे बरेचसे श्रेय कड्यावरच्या दीपगृहाला आणि लाटेवरून घसरत येणाऱ्या ठिपक्याएवढ्या सर्फरला आहे.

एसी गाडीतून उतरल्यावर दमट हवेने भिंगावर वाफ धरते. म्हणून कॅमेरा अर्धा तास बंद बॅगेतच ठेवावा आणि रात्री गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने बाहेरून पुसून खारटपणा काढावा.